मारोतीमामांचे ‘पाहिले’

आमच्या पालम गावात फोन हाती असलेला प्रत्येक माणूस व्हिडिओंखाली दिवसाला शंभर अंगठे उधळतो. मारोतीमामांनी आजवर एकही दिलेला नाही.

“मास्तर, अंगठा कोन देतं? ज्याला सही येत न्हाई ते!”

मामा आमच्या शाळेत शिपाई होते. चाळिशीपर्यंत हजेरीपटावर अंगठाच उठवत. मग चौथी पास बायकोनं, रुक्मिणमामीनं, अक्षरं गिरवून घेऊन सही शिकवली आणि मामांना सहीचा भारी तोरा चढला. सूचनावही वर्गावर्गात फिरवायची आणि आम्हा मास्तरांकडून ‘पाहिले’ लिहून सही घ्यायची, यात पुढची सगळी नोकरी सरली. आता कुणाचाही व्हिडिओ दिसला की खाली शेरा पडतो : ‘पाहिले. मारोती, शिपाई (निवृत्त), पालम.’ पंजाबातलं लग्न असो की आसामातली चहाची खुडणी, पोच मिळतेच.

त्यांचा लाडका म्हणजे केरळातला एक कोळी. गळ्यात क्रूस, भाषा अशी की एक अक्षर कळायची सोय नाही. मामा पक्के माळकरी. जाळं वर आलं की पडद्यावर तळहात ठेवतात आणि मासे संपले का, ते बोटांच्या फटीतून बघतात.

“अर्धं तर झाकता. मग ‘पाहिले’ कशाला लिहिता?” मी एकदा छेडलं.

“मासे झाकायलोय. मानूस बघायलोय की!”

एकदा त्या कोळ्याची होडी फुटली. तो व्हिडिओत रडला, मामा इथं दिवसभर जेवले नाहीत. खाली लिहिलं, ‘पाहिले. लय वाईट झालं. धीर धरा.’ रीतसर सहीसकट.

मामी गेल्या वर्षी वारल्या. परवा मामांनी पहिल्यांदाच स्वतःचा व्हिडिओ टाकला. अंगणातल्या दोरीवर, उन्हात, मामींनी जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ. मागून मामांचा आवाज, “ही हिनं शिवली.” बस्स. दोन दिवस फोन हातातून सुटेना, पण कुणी बघेना. मला वाईट वाटलं. मी घाईघाईनं अंगठा दिला.

मामा फोन घेऊन थेट दारात. “मास्तर, तुमी शिकलेले ना ओ? हिच्या वाकळीला अंगठा?”

मी शरमलो. तेवढ्यात त्यांच्या हातातला फोन वाजला. वाकळीखाली त्या कोळ्यानं मामांचा शब्द बघून बघून उतरवला होता : ‘पाहीले.’ पुढे त्याच्या गोल गोल मल्याळी अक्षरांत सही.

“‘हि’ दीर्घ काढलाय,” मी म्हणालो. मास्तरकी सुटत नाही.

मामांचे डोळे भरून आले होते. “माजी पयली सही बी चुकलीच होती,” ते म्हणाले. “ही म्हनली, ऱ्हाऊ द्या. कळतंय कोन हाय ते.”