दहा माणसांची बाटली

आमच्या मंगळवार पेठेत सकाळी गवळी म्हशी घेऊन कट्ट्यावर येतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढतात. लोक पेला पुढं करून उभ्या उभ्या दूध पितात. म्हैस समोर, धार समोर, पेला आपल्या हातात. यात संशय घ्यायला जागा कुठं आहे? आहे. आण्णा चौगुल्यांना आहे.

धार काढायच्या आधी आण्णा गवळ्याला सांगतात, "चरवी पालथी कर बघू." गवळी मुकाट्यानं चरवी पालथी करतो. तळाला पाणी नाही याची खात्री पटली की आण्णा त्याच्या बाह्या बघतात. "म्हशीवर माझा इस्वास हाय. तुझ्यावर न्हाय."

आण्णा एका फौंड्रीत तपासनीस होते. ओतीव भाग हातोडीनं वाजवायचा आणि नुसत्या आवाजावरून आत खोट आहे की नाही ते सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी वाजवायची सवय गेली नाही. कलिंगड वाजवतात ते ठीक. गॅसची टाकी वाजवतात, शेजाऱ्याच्या नव्या दाराची चौकट वाजवतात.

कोरोनाच्या दिवसांत मी लसीकरणाची पत्रकं वाटत होते. स्वतः लिहायची, स्वतः छापून आणायची, स्वतः दारोदार फिरायचं. 'जागे व्हा! अफवांना गाडा!' आण्णांनी पत्रक हातात घेतलं आणि एक ओळही न वाचता उलटं करून पाहिलं.

"ह्याच्या मागं कोण हाय?"

"मागं कुणी नाही आण्णा. आम्हीच पोरं-पोरी आहोत."

"मागं कोण न्हाय? मग तर लईच डेंजर!"

आणि पत्रक परत दिलं. घडी घालून.

पुढं आमच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात कोरोनाची लस आली. दुसऱ्या दिवसापासून आण्णा तिथल्या बाकड्यावर हजर. लस घ्यायला नव्हे. टोचून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला अडवायचे. "हात वर कर. मुंग्या आल्या काय? जीभ दाव. डोकं गरगरतंय?" दारात उभ्या दोन बायका हे ऐकून तशाच माघारी गेल्या. माझं डोकं फिरलं.

"आण्णा, लोकांना भीती घालताय तुम्ही!"

"मी फकस्त इच्यारतोय की."

फकस्त! जगातली प्रत्येक अफवा फक्त विचारतच फिरत असते. पेठेतल्या अफवांचं केंद्र मला सापडलं होतं. त्यांच्याविरुद्ध पत्रकाचा कच्चा मजकूरसुद्धा मी तयार केला, तीन उद्गारचिन्हांसकट.

राग यायला आणखी एक कारण होतं. आण्णांच्या बायकोला, इंदूकाकींना, जुना दमा. जिन्याच्या चार पायऱ्या चढल्या की हात छातीवर जातो. मला त्या म्हणाल्या होत्या, "मला घ्यायची हाय गं, पण हे न्हाय म्हणत्यात." म्हणजे संशय नवऱ्याचा आणि धोका बायकोच्या फुफ्फुसाला. हे मी कसं सहन करू?

एक दिवस आण्णा थेट डॉक्टरांसमोर जाऊन उभे राहिले. "मी घेतो लस. पण बाटली माझ्यासमोर फोडायची. आधी उघडलेली चालणार न्हाय."

डॉक्टर शांत माणूस. म्हणाले, "आण्णा, एका बाटलीत दहा जणांची लस असते. फोडली की काही तासांत संपवावी लागते. एकट्यासाठी कशी फोडू? नऊ माणसं आणा, दहावे तुम्ही. सील तुमच्या डोळ्यांनी बघा."

डॉक्टरांना वाटलं, पीडा टळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कट्ट्यावर आण्णांचा आवाज घुमला. "ए पैलवान, लस घेतलीस काय?"

"न्हाय बा. भ्या वाटतं."

"एवढं दंड हायत आन सुईला भितोस? उद्या धाला यायचं. नवी बाटली हाय. मी सोता बघून घेणार हाय."

संध्याकाळपर्यंत नऊ जमले. तालमीतले दोन पैलवान, गवळी, त्याचा भाऊ, इस्त्रीवाला, अशी सगळी माझ्या पत्रकांना न बधलेली मंडळी. आण्णांनी बघितलंय म्हणजे खोट नसणार, एवढाच त्यांचा हिशोब. कबूल करते, मला आनंदापेक्षा संताप जास्त आला.

दवाखान्यात आण्णांनी बाटली उजेडात धरायला लावली, तारीख तीनदा वाचली. मग सवयीनं नखानं वाजवायला हात पुढं केला, तशी नर्सनं बाटली छातीशी धरली. "आण्णा, काच आहे ती!" सील फुटलं. पहिली सुई आण्णांना.

मी दहा जणांत काकींना शोधत होते. त्या नव्हत्या. मी सगळ्यांदेखत बोलले. "पैलवान आणले, गवळी आणला. घरच्या बाईला जागा नव्हती? लाज वाटत नाही आण्णा?"

आण्णांनी बाही खाली केली.

"ती ह्या बाटलीत न्हाय. तिला दमा हाय."

"म्हणून तर तिला आधी!"

"व्हय. आन काय उलटं झालं तर?" त्यांचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. "घरात ती आन मी. तिसरं कोण हाय पोरी? काय व्हायचं ते आधी मला हू दे. चार दिस बघतो, मग आणतो."

आण्णांचं चूक होतं, हे मी आजही म्हणते. त्यांना लस सोसली म्हणून काकींना सोसेल, हे कुठलं शास्त्र? पण त्यांच्याविरुद्धचा तो कच्चा मजकूर मी घरी जाऊन फाडला.

आण्णांना दोन दिवस ताप आला. पाचव्या दिवशी ते कट्ट्यावर परत आले आणि आणखी नऊ माणसं गोळा केली. बाटली नवी, दहाव्या काकी.

काकी खुर्चीवर बसल्या. नर्सनं सुई काढली, तसे आण्णा भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. काकी मला हसत म्हणाल्या, "मला सुई टोचलेली बघवत न्हाय त्यास्नी. मागं सलाईन लावलं तर हे भाईर रस्त्यावर."

मग अर्धा तास बाकड्यावर बसायचं.

"श्वास कसा हाय?"

"हाय की."

दोन मिनिटांनी, "आता?"

"तुमी गप बसला तर घीन की श्वास!"

अर्धा तास झाला. नर्स म्हणाली, जा आता घरी. बाकीचे नऊ गेलेही. काकींनी पिशवी उचलली, तर आण्णांनी त्यांचं मनगट धरलं. "बस जरा."

मलाही निघायचं होतं. दारातून वळून पाहिलं. काकी डोळे मिटून बसल्या होत्या. आण्णा त्यांच्या छातीवरच्या पदराकडं एकटक बघत होते. पदर वर जाई, खाली येई, आणि दर वेळी आण्णांचे ओठ हलत. ते बायकोचे श्वास मोजत होते.