जवाईबापूंचं टायटॅनियम

आमच्या मामाजींना एकदा तरी हलक्या भांड्याचं कौतुक करायला लावीन, अशी मी प्रतिज्ञाच केली होती! मामाजी म्हणजे माझे सासरे, भैय्यालाल. भंडाऱ्यात त्यांचं पितळी भांड्यांचं दुकान. भांडं आधी हातात तोलणार, मग टिचकी मारून कान देणार.

गोसीखुर्द धरणाच्या काठी कॅम्पिंगला जायचं ठरलं, तेव्हा चार महिने अभ्यास करून मी टायटॅनियमचं पातेलं मागवलं. वजन दोन वांग्यांएवढं! मामाजींनी तोललं. टिचकी मारली. खट्ट!

"जवाईबापू, भांडं हाय का पापड?"

मी पेटलो. "याच्यातच तुमाले भात खाऊ घालतो! नाही जमलं, त तुमचा पितळी गंज येताना डोक्यावर वाहून आणीन!"

मामाजींनी शांतपणे आठ किलोचा गंज, म्हणजे त्यांचं जाड बुडाचं पितळी पातेलं, बाहेर काढून ठेवला.

निघायच्या दिवशी सकाळी पातेलं गायब!

"मंगरूकडे देलं," सासूबाई कुसुमताई म्हणाल्या. "नवं भांडं, अन् आतून कल्हईच नाही! भात कळकला असता ना!"

मी धावत सुटलो. कल्हईवाला मंगरू भट्टीपुढे घाम पुसत होता.

"साहेब, तासभर कथील लावून राहिलो, चिकटतच नाही! आंच वाढवली, त हे असं झालं!"

पातेलं निळं, जांभळं, सोनेरी झालं होतं. मंगरूने घाबरून त्यावरून लिंबू उतरवून टाकलं होतं.

तशाच मोरपंखी पातेल्यात मी धरणाकाठी भात लावला. पत्रा कागदासारखा पातळ! तळाशी कोळसा, वर कच्चे तांदूळ. झाकण तर वाऱ्याने केव्हाच पाण्यात नेलं. मामाजींनी घास घेतला आणि बराच वेळ चावला.

"कायले जाळून राहिले बापू तांदूळ? सरका."

त्यांनी गंज चुलीवर चढवला. भात असा मोकळा झाला की मी तीनदा मागून घेतला. खोटं कशाला बोलू, हरल्याचं दुःख तिसऱ्या वाढीपर्यंत पार विरघळलं.

परतताना गाडी एक किलोमीटर लांब. गंज माझ्या डोक्यावर, बायको कीर्ती पुढे व्हिडिओ काढत, आणि मागे मामाजी मजेत शीळ घालत. माझं पातेलं त्यांच्या करंगळीला लटकत होतं.

"जवाईबापू!" ते खुशीत म्हणाले, "खरंच हो, काहीच वजन नाही याले!"

चार महिने मला हेच तर ऐकायचं होतं! वळून बघावं म्हटलं, तर मान वळेना.