तानूबाईंच्या फुफ्फुसगडावरील दोन औषधांची मोहीम

श्वास देणारी देवता रयतेस राखो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, माघमासापासोन कोणे एके राज्यांत जें घडलें तें लिहितों. चूकभूल वाचणारांनीं क्षमा करावी.

तानूबाई भडभुंजे, चाळीस वर्षें चुरमुऱ्यांची भट्टी चालविलेली बाई, यांच्या फुफ्फुसगडावर कर्करोगानें ठाणें दिलें आणि यकृतापावेतों चौक्या बसविल्या. शत्रू मोठा कपटी. बनावट दस्तक दाखवी आणि शरीराची फौज त्यास आपला समजोन वाट देई. मग वैद्यराजांनीं सांगितलें जे, एक औषध दस्तक रद्द करितें, दुसरें फौजेचा लगाम सोडितें. दोन्ही मिळोन जय अधिक कीं घात अधिक, हेंच चाचणींत पाहणें आहे. निम्म्या रोग्यांस दोन्ही, निम्म्यांस एकच. कोणास काय तें मोहोरबंद, खुद्द वैद्यराजांसही ठाऊक नाहीं. "सुटलेली फौज आपलीच रयत मारूं शकते. जें होईल तें रोज वहींत लिहावें, आणि नको वाटेल त्या दिवशीं चाचणींतून निघावें," ऐसें बजावून संमतीचा अंगठा घेतला. दोन वेळां सलाईनींतून औषध गेलें, आणि खोकला उणावला, आणि बाईंस आशा लागली, आणि आशेमागोमाग भय आलें. सहाव्या आठवड्यांत आंतड्यांत दंगा उठला. दिवसांत दहा वेळां परसाकडे जाणें आणि रक्त पडणें. यजमान सदोबाराव वही घेऊन बसले, परंतु लेखणी चालेना.

"अवो, बघताय काय? ठीक लिवा."

"अगं, रगत पडतंय की!"

"सांगितलं तर नाव कापतील. मग दुसरं औषध हाय का आपल्याला?"

मग सदोबारावांनीं भिऊन "ठीक" लिहिलें, आणि ऐसे पांच दिवस पांच ठीक जाहले. सहावे दिवशीं बाई इस्पितळांत आल्या, तों परिचारिका मार्थाबाईंनीं वही पाहिली आणि काटा पाहिला.

"मावशी, सगळं ठीक, मग पाच किलो वजन गेलं कुठं?"

बाई रडूं लागल्या आणि सदोबारावांनीं सर्व कबूल केलें. मग एकच धांवपळ जाहली. मोहोर फोडिली, तों बाईंस दोन्ही औषधें निघालीं. तीं तत्काळ बंद केलीं आणि फौज आवरावयास स्टेरॉईड रवाना केलें. तीन दिवस आंतडें फाटतें कीं राहतें हें कोणी सांगेना. सदोबाराव दाराशीं उभे, वही छातीशीं धरून "म्याच मारलं" म्हणत. चौथे दिवशीं दंगा शमला. मग स्कॅन काढिला, तों शत्रू निम्मा उरला होता.

"म्हंजी लागू पडलं की! मग द्या परत," बाई म्हणाल्या.

वैद्यराज खालीं पाहोन बोलिले, "आता देता येणार नाही, बाई, आतडं फाटेल. फौज जागी झालीय. औषधाविना किती दिवस लढेल, मलाही माहीत नाही. नऊ आठवड्यांनी पुन्हा बघू."

एवंच, गड राहिला, शत्रूही राहिला, आणि खबर नऊ आठवड्यांवर. घरीं येतांच बाई म्हणाल्या, "अवो, आजचं लिवा. लई भ्या वाटतंय." सदोबारावांनीं तैसेंच लिहिलें, आणि कोणी न सांगतां खालीं लिहिलें, "मलाबी."