विश्वासदर्शक दबीरकाका

दबीरकाकांसमोर "लोकांनी पंतप्रधान निवडला" असं म्हणायची सोय नाही. म्हणालात तर काकांच्या हातातलं काम जागच्या जागी थांबतं. एका मुंजीत ते जिलबी वाढत होते. रांगेतला एक पाहुणा सहज बोलून गेला, "आम्ही तर पंतप्रधानांनाच मत दिलं बुवा." काकांचा चिमटा हवेत थबकला. चिमट्यात जिलबी.

"तुम्ही राहता कुठे?"

"इथेच. एडमंटनला."

"ते उभे होते दुसरीकडून. मग तुमच्या मतपत्रिकेवर त्यांचं नाव आलं कसं?"

पाहुण्याने ताट पुढे केलं. जिलबी खाली येईना. मागे रांग वाढत चालली. शेवटी पाहुणा पडेल आवाजात म्हणाला, "बरं, मी खासदार निवडला." तेव्हा कुठे जिलबी ताटात पडली. वर एक जास्तीची.

मधुकर दबीर आमचे शेजारी. शहराच्या पाणीपुरवठ्यात इंजिनियर होते, निवृत्त होऊनही खूप वर्षं झाली. कुसुमकाकू गेल्यापासून एवढ्या मोठ्या घरात एकटेच. आमचे ड्राइव्हवे लागून आहेत, त्यामुळे माझं राज्यशास्त्राचं सगळं शिक्षण बर्फ शोव्हल करताना झालं. उणे पंचवीसमध्ये नाक गळत असताना काका फावड्यावर रेलून सांगायचे, "सरकार निवडून येत नाही, अनु. सरकार बनतं. दही लागतं तसं. निवडून आलेले सदस्य म्हणजे दूध. नुसतं दूध जास्त आहे म्हणून दही होत नाही. विरजण लागतं. विरजण म्हणजे सभागृहाचा विश्वास."

"आणि राजा? इंग्रजांचा राजा इथेही राजाच ना?"

"राजा म्हणजे पातेलं. पातेलं काही करत नाही. पण ते नसेल तर दूध ओतशील कशात?"

आमच्या अल्बर्टा प्रांतात नवं मंत्रिमंडळ शपथ घेतं त्या दिवशी काका सकाळीच निळा सूट घालून टीव्हीसमोर बसतात, आणि राजाची प्रतिनिधी, म्हणजे लेफ्टनंट गव्हर्नर, पडद्यावर आली की उभे राहतात. एकदा माझ्या मुलीने विचारलं, "काका, सो हू इज द बॉस?" काका इतके खूश झाले की तिला उत्तर देता देता माझा चहा गार झाला, त्यांचाही झाला, आणि ती बिचारी कधी उठून गेली ते त्यांना कळलंच नाही.

तर अशा माणसाच्या हाती एक खरंखुरं त्रिशंकू सभागृह लागलं.

आमच्या मराठी मंडळाच्या समितीची निवडणूक झाली. तेरा जागा. डॉक्टर सबनीसांच्या गटाचे सहा आले, मावळते अध्यक्ष शरद पाठक यांच्या गटाचे पाच, आणि कुठल्याच गटात नसलेल्या दोघी: अश्विनी जाधव आणि तिची मैत्रीण. समितीने आपल्यातून अध्यक्ष ठरवायचा अशी रीत. पहिली बैठक आमच्या बेसमेंटमध्ये झाली आणि पोहे संपायच्या आत भांडण पेटलं.

"आमचे सगळ्यात जास्त. अध्यक्ष मीच," सबनीस म्हणाले.

"मी राजीनामाच दिलेला नाही," पाठक म्हणाले. "अध्यक्ष मीच."

"मग तुमचा गणपती तुम्ही बसवा, आमचा आम्ही बसवतो!"

हे कोणीतरी रागात बोललं, पण ऐकल्यावर सगळ्यांनी पोह्यांच्या बश्या खाली ठेवल्या. कारण ते खरं होऊ शकलं असतं. गणपतीचा हॉल बुक करायची वेळ आली होती, आणि सही करायला एकमताचा अध्यक्ष नव्हता. दोन मंडळं, दोन गणपती, आणि मग एकमेकांच्या घरी जाणंही बंद. दुसऱ्या शहरांत हे झालेलं आम्ही ऐकून होतो.

तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून दबीरकाका उठले. समितीत ते नव्हते. पोहे खायला आले होते.

"डॉक्टर, सगळ्यात जास्त म्हणजे अर्ध्याहून जास्त नव्हे. तुम्ही सहाच आहात. आणि शरदराव, राजीनामा देईपर्यंत तुम्हीच अध्यक्ष, हे अगदी बरोबर. पण विश्वास आहे का ते सिद्ध करा. यात लाजण्यासारखं काही नाही. याला पद्धत आहे."

"पद्धतीला राजा लागतो, काका," सबनीस वैतागून म्हणाले. "तो कुठून आणू?"

"राजा नाही. बाईसाहेब आहेत."

बाईसाहेब म्हणजे मालतीबाई परांजपे. मंडळ स्थापन करणाऱ्यांपैकी एवढ्या एकट्याच उरलेल्या. वय नव्वदीच्या पुढे, मूळच्या शाळामास्तरीण, शहराच्या दक्षिण टोकाला वृद्धांच्या निवासात राहतात. दरवर्षी त्यांचं नाव स्मरणिकेत पहिल्या पानावर छापायचं आणि त्यांना मात्र आणायचं विसरायचं, अशी आमची प्रथा.

सगळे हसले. काका हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तेराही जणांना फोन करायला सुरुवात केली. प्रत्येकाला पद्धत पहिल्यापासून समजावून, आणि त्यात राजाच्या जागी मालतीबाई चालतील ना, असं विचारून. अश्विनी मला म्हणाली, "अनुताई, मी हो म्हटलं, कारण नाही म्हटलं असतं तर ते पुन्हा फोन करणार होते." बाकीच्यांचंही तेच झालं असावं.

मार्चमधल्या निसरड्या रस्त्यांवरून मी काकांना गाडीने मालतीबाईंकडे नेत होते. पहिल्यांदा गेलो तेव्हा मालतीबाई खिडकीशी बसल्या होत्या. काकांनी सूट घातलेला. सगळी हकिगत त्यांनी बाईंच्या चांगल्या कानात सांगितली.

"म्हणजे मी काय करायचं, मधू?"

"विचारायचं. बाकी काही नाही."

"एवढंच ना? जन्मभर वर्गात तेच केलं," म्हणत बाईंनी पदर सारखा केला. "बोलाव त्या पाठकाला."

पाठक पदावर होते, म्हणून पहिला मान त्यांचा. बाईंनी त्यांना समोर बसवलं.

"शरद, सभा तुझ्यामागे आहे?"

"प्रयत्न करतो, बाई."

"कर. सभेपुढे उभा राहा, ठराव मांड. हरलास तर इथे येऊन मला सांग. फोनवर नाही. इथे."

पाठकांनी अश्विनी आणि तिच्या मैत्रिणीला खूप गोंजारलं. पण अश्विनीची एकच मागणी होती: घरी इंग्रजीत उत्तरं देणाऱ्या आमच्या मुलांना कळतील असे निदान अर्धे तरी कार्यक्रम असावेत. पाठकांना ते पटेना. आमच्या बेसमेंटमध्ये विश्वासदर्शक ठराव झाला, पाच विरुद्ध आठ. पाठक तडक गाडीत बसले आणि मालतीबाईंकडे गेले. तासाभराने परतले तेव्हा डोळे लाल होते.

"राजीनामा इतका लागला का हो?" मी विचारलं.

"छे. मी या देशात पहिल्यांदा उतरलो ना, तेव्हा विमानतळावर मला घ्यायला त्या आल्या होत्या. माझ्यासाठी कोट घेऊन. मी किती वर्षं त्यांना भेटलो नव्हतो, अनुताई."

मग सबनीस. डॉक्टर ऐटीत आत गेले.

"तुमच्यावर विश्वास कोणाचा?" बाईंनी विचारलं.

"सहा जणांचा."

"आणि बाकीचे सात?"

डॉक्टर टाय सारखा करू लागले.

"त्यांच्याशी बोललात?"

"नाही."

"मग इथे काय करताय? जा, बोलून या."

डॉक्टर गेले, अश्विनीच्या घरी जाऊन बसले, तिचं म्हणणं ऐकलं, आणि मुख्य म्हणजे पटवून घेतलं. पुढच्या बैठकीत आठ मतं पडली. विरोधी नेते म्हणून पाठक उठले आणि सबनीसांशी हात मिळवला. काकांनी डोळे मिटून घेतले, एखादी ठुमरी समेवर आल्यावर मिटतात तसे. हॉल बुक झाला. गणपती एकच बसणार होता.

नव्या अध्यक्षांना बाईंसमोर नेऊन आणायचं तेवढं बाकी होतं. तेही झालं. डॉक्टर पेढे देऊन निघून गेले. आम्हीही निघालो, तेव्हा मालतीबाई म्हणाल्या, "मधू, आता सरकार झालं. म्हणजे आता तुम्ही कोणी यायचं नाही का रे?"

"अध्यक्षांनी दर आठवड्याला येऊन अहवाल द्यायचा असतो, बाईसाहेब. पद्धतच आहे तशी," काका म्हणाले. ही पद्धत त्यांनी त्याच क्षणी तयार केली. डॉक्टरांना अर्थातच ती फोनवरून समजणार होती.

बाहेर पार्किंगमध्ये मी गाडी गरम करत होते. काका शेजारी बसले होते. एवढं मोठं काम तडीस नेलं, तरी चेहऱ्यावर विजय नव्हता.

"मनीषाने माझं घर विकायचं ठरवलंय," ते एकदम म्हणाले. मनीषा त्यांची मुलगी, विमानाने चार तासांवर वॉनला असते. "त्यांच्या बेसमेंटमध्ये माझ्यासाठी खोली केलीय. वेगळी वॉशरूम वगैरे. जावयाने फोटो पाठवले. छान केलीय."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मला विचारलं कुठे?"

वायपर काचेवरचं बर्फ खरवडत होते.

"चुकीचं काही करत नाहीयेत ती," काका म्हणाले. "मी नाही म्हणणारही नव्हतो. राजा तरी कुठे नाही म्हणतो? सगळं ठरूनच येतं त्याच्यापुढे. पण त्याच्यापुढे येतं, अनु. कोणीतरी समोर उभं राहून विचारतं."

मी गिअरला हात घातला.

"थांब. गाडी काढू नकोस."

त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि नंबर लावला. ऐकू नीट येत नाही म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवरच ठेवतात.

"मनीषा, मला एक प्रश्न विचार."

"व्हॉट क्वेश्चन, बाबा? आर यू ओके?"

"मी ठणठणीत आहे. तुम्ही जे ठरवलंय ना, तेच. पण विचारून."

पलीकडे कुठेतरी दार बंद झालं. मग मनीषाचा आवाज आला, लहानपणी कधीतरी बोललेल्या मराठीत, शब्द शोधत शोधत.

"बाबा... तुम्ही येणार, आमच्याकडे... राहायला?"

काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा काढला आणि मफलरच्या टोकाने बराच वेळ पुसत बसले.

"विचार करून सांगतो," ते म्हणाले.