डावा अंगठा

विद्युतचुंबकत्व म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! जळक्या मोटारींना नवी तार गुंडाळण्यात माझे केस पांढरे झालेत. त्यामुळे पोरगी गृहपाठापुढे डोकं धरून बसलेली दिसली, तेव्हा मी लगेच बाह्या सरसावल्या.

"राहू द्या, बाबा. हाही गृहपाठ चुकला तर बाई मला विज्ञानातून काढणार आहेत."

"म्हणून तर आलो!"

तांब्याच्या कड्यात वरून लोहचुंबक सोडलाय, उत्तर ध्रुव खाली. वरून पाहिलं तर कड्यातला प्रवाह कुठल्या दिशेने? असली पाच गणितं. तिने उजव्या हाताचा अंगठा वर केला, बोटं वळवली नि म्हणाली, "घड्याळाच्या उलट. पण खात्री नाही."

माझा उजवा अंगठा मशीनच्या पट्ट्याने कधीच गिळलाय. मी डावा धरला. हात तो हात!

"घड्याळाप्रमाणे!" मी ठणकावलं.

"पुस्तकात उजवा म्हटलंय, बाबा."

"पुस्तक लिहिणाऱ्याला दोन्ही असतील!"

"भांडता कशाला?" बायको आतून ओरडली. "करून बघा की!"

दुकानातून कॉइल आणली, मीटर जोडला, चुंबक सोडला. काटा हलला, पण पोरीच्या बाजूने! मी जराही न डगमगता मीटरच्या दोन वायरींची अदलाबदल केली. मोटार उलटी फिरली की आमच्या धंद्यात हेच करतात. पुन्हा चुंबक सोडला. काटा निमूट माझ्याकडे आला.

"बघ!"

पोरीने खोडरबर घेतलं आणि आपली पाचही उत्तरं पुसली. मला त्या वेळी चक्क अभिमान वाटत होता.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली ती खाली मान घालून.

"किती बरोबर?"

"एकही नाही. बाई म्हणाल्या, डोळे मिटून लिहिलं असतंस तरी दोन-तीन बरोबर आली असती. सगळीच चुकायला कुणीतरी जाणकार लागतो."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी मीटरकडे पाहिलं.

"मग आता?" मी विचारलं.

"विज्ञान काढून इतिहास दिलाय." तिने दप्तरातून नवी वही काढली.

माझ्यामुळे झालं होतं सगळं. बाप म्हणून काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तोंडातून निघालं ते हे : "इतिहास ना? त्यात काय अवघड! आण बघू इकडे."

तिने वही छातीशी घट्ट धरली. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

"नको, बाबा," ती अगदी मायेनं म्हणाली. "तुम्ही दमला असाल."