छत्री फिरवणारा हात

"नजर घारीची, कान सशाचे, चाल मांजराची," असे सावळेराम एरंडे स्वतःविषयी सांगत, आणि जरा थांबून पुढे म्हणत, "बुद्धीला उपमा द्यायला मात्र अजून जनावर सापडलेलं नाही."

पेठ गावच्या स्टँडसमोर त्यांचे झेरॉक्सचे दुकान होते. दुकानाच्या काचेवर लाल अक्षरांत 'गुप्तहेर. चौकशी आत करावी' असे लिहिलेले होते. दिल्लीच्या कुठल्याशा संस्थेने टपालाने पाठवलेले प्रमाणपत्र काउंटरच्या मागे टांगले होते. ती झेरॉक्स होती. मूळ प्रत चोरीला जाऊ नये म्हणून त्यांनी ती अशी काही दडवून ठेवली होती की गेली चार वर्षे त्यांना स्वतःलाही ती सापडली नव्हती. तालुक्यात गुन्हे कमी आहेत याचे श्रेय ते स्वतःकडे घेत. ते धंद्यात पडण्याआधीही गुन्हे कमीच होते, ही गोष्ट त्यांनी पुराव्याअभावी फेटाळली होती.

सुदर्शन त्यांचा मेहुणा. वय बेचाळीस, स्वभाव शांत, आणि मोटारसायकल स्वतःची. तपासाला जायला वाहन लागते, म्हणून तो मदतनीस झाला. त्याच्या अंगचा आणखी कोणता गुण दाजींनी हेरला असेल, तर तो त्यांनी बारा वर्षे गुप्त ठेवला होता.

सन दोन हजार सहाच्या मार्चमधल्या एका बुधवारी दुपारी साळुबाई दुकानात आल्या. डोक्यावरचा पदर नीट करत त्या बाकड्याच्या अगदी कडेला टेकल्या.

"भाऊ, माझ्या छत्रीवर कुनाचा तरी डोळा हाय."

"काळी की रंगीत?" सावळेरामांनी पेन उघडले.

"टीव्हीची हो!"

हकीकत अशी होती. साळुबाईंच्या घरी सोमवारी नवी छत्री बसली होती. दरमहा काही भरायचे नाही. एक छत्री, एक डबा, आणि सरकारी वाहिन्या आरशासारख्या स्वच्छ. मंचरच्या आदेश मिस्त्रीने ती सकाळी बसवली. दिवसभर चित्र सुरेख दिसले. संध्याकाळी साडेसहाला शेतीचा कार्यक्रम लागायची वेळ झाली आणि पडदा निळा पडला. त्यावर 'सिग्नल नाही' एवढेच. मंगळवारी सकाळी आदेश आला, म्हणाला, छत्री हलली आहे, वारा असेल. सरळ करून गेला. संध्याकाळी पुन्हा निळा पडदा. आज सकाळी तो तिसऱ्यांदा येऊन गेला होता आणि या खेपेला त्याने छत्रीचा पाइप खिळ्याला तारेने आवळून बांधला होता.

"तुम्ही छत्रीला हात लावला होता?" सावळेरामांनी विचारले.

"देवाशपथ न्हाई. मी बोटसुदिक लावलं न्हाई तिला."

"आणि मघाशी शुक्रवारचं काहीतरी म्हणालात, ते काय?"

साळुबाई थोड्या लाजल्या. जानेवारीत दूरदर्शनची माणसे गावात आली होती. इथल्या पठारावर बटाटा काढला की शेतातच सावलीत त्याचा ढीग रचतात, वर उसाचे पाचट घालतात. त्याला आरण म्हणतात. पेठेत साळुबाईंच्या आरणीतला बटाटा सगळ्यांत जास्त टिकतो. तो कार्यक्रम शुक्रवारी साडेसहाला एकदाच लागणार होता, आणि त्यात त्या बोलल्या होत्या.

"काय बोललात?"

"ते तवाच ऐका," त्या म्हणाल्या, आणि मग हळूच, "समद्या वस्तीनं ऐकावं असं हाय, भाऊ. तेवढं एकदा लागू द्या."

त्या गेल्यावर सुदर्शनला वाटले, ही बाई आपल्याला नुसती छत्री सांभाळायला सांगून गेलेली नाही. पण दाजींच्या डोळ्यांत तपासाची चमक आलेली होती, आणि ती आली की कोणाला काही सांगण्यात अर्थ नसे.

त्याच संध्याकाळी सुदर्शनला साळुबाईंच्या घरासमोरच्या गोठ्याच्या पत्र्यावर चढवण्यात आले. दाजी स्वतः चहाच्या टपरीवर बसून 'व्यापक देखरेख' करत होते. परक्या माणसाची प्रत्येक हालचाल वहीत टिपायची, असा हुकूम होता. सुदर्शनने प्रामाणिकपणे लिहिले : 'सहा वाजता साळुबाईंचे मालक गेणभाऊ घराबाहेर पडले. सहा पंचवीसला साळुबाई पाइप सरळ करून आत गेल्या. परके कोणी नाही.'

दाजींनी वही तपासली, साळुबाईंचे वाक्य खोडले आणि म्हणाले, "घरातल्या माणसांची घरातली कामं लिहू नकोस. वहीची पानं वाया जातात."

त्यातही सुदर्शनला काही गैर वाटले नाही. त्याची आईही हेच करायची.

पडदा अर्थातच निळा पडला. गुरुवारी सकाळी दोघे जागेवर गेले, तेव्हा आदेशने आवळलेली तार सुटलेली होती. एवढेच नव्हे, तर तिचे सुबक वेटोळे करून ते त्याच खिळ्याला अडकवलेले होते.

"अत्यंत शिस्तीचा गुन्हेगार," सावळेराम पुटपुटले. "किंवा वानर."

"वानर तार गुंडाळून ठेवील, दाजी?"

"पाळलेलं असलं तर."

पाळलेले वानर पेठेत नव्हते. अवसरीला एक होते, ते दिवाळीतच वारले होते. मग संशय गावातल्या केबलवाल्यावर गेला, कारण फुकटच्या छत्र्यांनी त्याची गिऱ्हाइके पळत होती. सावळेरामांनी त्याला दुकानात गाठून संध्याकाळी सव्वासहाला तो कुठे असतो, असे करड्या आवाजात विचारले.

"आपल्याच घरी," तो म्हणाला. "छत्रीवर क्रिकेट बघतो. केबलला लई मुंग्या येत्यात, राव."

दोन मोहरे पडले, तसे सावळेराम गंभीर झाले. गुरुवारी संध्याकाळी आणखी एकदा पडदा निळा पडला, आणि त्या रात्री जेवताना त्यांनी भाकरीचा तुकडा हवेतच थांबवला.

"सुदर्शन, रोज सहाला घराबाहेर कोण पडतं? गेणभाऊ. आणि बारा गावांत 'ही आरण माझी' म्हणून छाती काढून कोण सांगतं? गेणभाऊच. आता बायको टीव्हीवर काय बोलली असेल, सांग."

सुदर्शनला दाजींचा तर्क पहिल्यांदाच बरोबर वाटत होता, आणि तो बरोबर निघू नये असेही त्याला पहिल्यांदाच वाटत होते.

शुक्रवारी दुपारी आदेशने छत्री पाचव्यांदा जुळवली, नवी तार आवळली आणि हात जोडून निघून गेला. सहापासूनच साळुबाईंच्या अंगणात माणसे जमू लागली. टीव्ही ओट्यावर आणून ठेवला होता. सरकारी बातम्या स्वच्छ दिसत होत्या. शेजारच्या कोंडाबाई घराच्या कोपऱ्याशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. गेणभाऊ धुतलेला सदरा घालून पुढच्या रांगेत, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते.

सहा वीसला सावळेराम उभे राहिले.

"मंडळी, छत्री फिरवणारा माणूस या अंगणात आहे!"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले.

"गेणभाऊ, या आठवड्यात रोज सहाला तुम्ही कुठं जात होता?"

गेणभाऊंचा चेहरा उतरला. "तसंच जरा... हिकडं तिकडं."

"बघा, उत्तर नाही! आरणीचं नाव आपल्या हातून जाऊ नये म्हणून या माणसानं स्वतःच्या बायकोची मुलाखत—"

"ए, काय बोलतो!" गेणभाऊ म्हणाले. पण आवाजात राग नव्हता, ओशाळेपणाच होता, आणि तोच साळुबाईंना दिसला. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिले, मग मान फिरवली. टीव्हीवरच्या बाई कुठल्याशा धरणाचा साठा सांगत होत्या. सुदर्शनला वाटले, आपण ती मोटारसायकल घेतलीच नसती तर बरे झाले असते.

साळुबाई उठल्या. "टाइम झाला," एवढेच म्हणाल्या आणि घराच्या कोपऱ्याआड गेल्या.

पुढच्याच मिनिटाला पडदा निळा पडला.

सारे अंगण ओरडले. गेणभाऊ जागचे हललेले नव्हते; त्यांचे हात गुडघ्यांवरच होते.

"साथीदार!" सावळेराम गरजले. "याचा साथीदार आहे!"

"कसला साथीदार घिऊन बसला, भाऊ," कोंडाबाई कोपऱ्यावरून म्हणाल्या. त्यांच्या मांडीवरचे सूप हसण्याने हलत होते. "आगं ये साळू, काय करतीस त्ये?"

साळुबाई तारेचे वेटोळे खिळ्याला अडकवत होत्या. दुसरा हात पाइपवर होता. "काय म्हंजे? टीव्ही बघायचा तर पाइप सिंहगडाकडं नको का करायला?"

पंधरा वर्षे त्या पाइपवर जुनी अँटिना होती. पुण्याचा टीव्ही सिंहगडावरून यायचा. वाऱ्याने अँटिना फिरायची, म्हणून कार्यक्रमाआधी पाइपवरची चुन्याची खूण भिंतीच्या खिळ्यासमोर आणायची, हे घरोघरच्या बायांचे रोजचे काम. आदेशने नवी छत्री त्याच पाइपवर चढवली होती. साळुबाईंनी छत्रीला कधीच हात लावला नव्हता. त्यांनी वर पाहिलेच नव्हते. आणि आदेशची तार एरवीच्या वाऱ्यासाठी आहे, कार्यक्रमाच्या वेळी सोडायचीच, असे समजून त्या ती रोज सोडून ठेवत होत्या.

"आन् ह्ये गेणभाऊ रोज कुटं जात व्हते, सांगू?" कोंडाबाई म्हणाल्या. "आमच्या दारात उभं ऱ्हात व्हते. 'शुक्करवारी या, आमच्या घरातली टीव्हीवर येनार हाय.' समदी वस्ती पालथी घातली बाबानं. न्हाईतर एवढी मानसं आपसूक आली व्हय?"

साळुबाईंचा हात पाइपवरच राहिला. त्या काही म्हणणार, तोच ओट्यावरून कोणीतरी ओरडले, "साडेसहा झालं!"

गेणभाऊ धावले. त्यांनी पाइप धरला आणि साळुबाईंना अंगणात पाठवले. आणि मग ते सुरू झाले जे पेठेत कोणाला शिकवावे लागत नाही.

"आलं का?"

"न्हाई!"

"आता?"

"न्हाई! मागं घ्या, मागं!"

"आता?"

"जरा उगवतीकडं! लई न्हाई! हां... हां... आलं! सोडू नका!"

जुन्या टीव्हीसारखे मुंग्यांतून हळूहळू नव्हे, तर चित्र एकदम आले, आणि चित्रात साळुबाई होत्या. गेणभाऊ मात्र कोपऱ्याआड पाइपला मिठी मारून उभे होते. तार बांधायला सवड नव्हती आणि वारा सुटला होता. त्यांना फक्त ऐकू येत होते.

"आरण माजी हाय," पडद्यावरच्या साळुबाई म्हणाल्या. "मालक समद्यास्नी आपली म्हून सांगत्यात. सांगू द्या. पर पाचटाचा थर किती घालायचा, त्ये ह्या हाताला ठावं हाय."

अंगणात हशा उसळला आणि लगेच विरला. सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या. अंगणात उभ्या असलेल्या साळुबाईंची मात्र वळली नाही.

कोपऱ्याआडून गेणभाऊंचा आवाज आला. "खरं हाय त्ये! ...हिला नीट दिसतंय का?"

"दिसतंय," साळुबाई म्हणाल्या. आवाज जरासा ओला होता. "ऱ्हावा तसंच."

मुलाखत पुरी तीन मिनिटे चालली. गेणभाऊ हलले नाहीत.

सावळेरामांनी घरी जाऊन नोंद केली : 'आरोपी सापडला. फिर्यादी व आरोपी एकच असल्याने उभयतांत समझोता.' सुदर्शनने वही चाळली आणि बुधवारचे खोडलेले वाक्य त्यांच्यापुढे धरले. दाजींनी बराच वेळ ते वाचले.

"अक्षर सुधार," ते म्हणाले.

आठवड्याने सुदर्शन साळुबाईंच्या घरावरून जात होता. छत्रीचा पाइप आता सिमेंटात पक्का बसवला होता. शेजारी गेणभाऊंनी एक बांबू रोवून त्यावर जुनी अँटिना बांधली होती. तिची वायर कशालाच जोडलेली नव्हती. सहा पंचवीसला साळुबाई बाहेर आल्या, बांबू सिंहगडाकडे फिरवला आणि पदराला हात पुसत आत गेल्या.

"आलं का?" आतून गेणभाऊंनी विचारले.

"आलं," साळुबाई म्हणाल्या. "लई झ्याक आलं."