दोन चौकटी आणि चाळीस मेंढ्या

पेपरच्या स्टॉलसमोरच्या एका लोखंडी चौकटीचा पाय मोडला.

डोंगराकडच्या कुरणातून चाळीस मेंढ्या दिसेनाशा झाल्या.

गाद्यांचे व्यापारी फाउस्तो ब्राकालोनी यांनी केशरी रंगाचा कोट विकत घेतला.

नेव्हिओला तळघरात द्राक्षवेली बांधायची तार सापडली. गेली दोन वर्षं तो ती शोधत होता.

या चार गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. निदान सोमवारची पहिली कॉफी होईपर्यंत तरी नव्हता.

कास्तेलवेर्नो गावात पेपर कोणी वाचत नाही. गाव वाचतं ते पोस्टर. पेपरवाले रोज पहाटे गठ्ठ्यांसोबत ठळक मथळ्याचं एकेक पोस्टर पाठवतात आणि ओर्नेल्ला ते स्टॉलसमोरच्या लोखंडी चौकटीत अडकवते. दोन पेपर, म्हणून दोन चौकटी. एक स्टॉलच्या डावीकडे, एक उजवीकडे. लोक दोन्ही पोस्टरं वाचतात, शेजारच्या बारमध्ये कॉफी घेतात आणि आतल्या, न वाचलेल्या बातमीवर दुपारपर्यंत भांडतात. यातून ओर्नेल्लाचे पेपर फारसे खपत नाहीत, पण च्युइंगम आणि लॉटरीची तिकिटं बरी खपतात.

हा स्टॉल चौकात ठेवायचा परवाना या उन्हाळ्यात संपत होता. निवडणूकही याच उन्हाळ्यात, येत्या रविवारी होती. नगराध्यक्षा दोनातेल्ला पिएरुच्ची म्हणाल्या होत्या, "ओर्नेल्ला, मी आहे तोवर तुझ्या स्टॉलला कोणी हात लावणार नाही." त्यांच्याविरुद्ध उभे असलेले ब्राकालोनी प्रत्येक सभेत म्हणत होते, "हा गंजका डबा उचलून फेकीन आणि तिथे गाड्या लावायला जागा करीन!" त्यामुळे ओर्नेल्लाचं राजकीय मत अगदी स्पष्ट होतं. ब्राकालोनी पडले पाहिजेत.

तर सोमवारी पहाटे डाव्या चौकटीचा पाय मोडला. ओर्नेल्लाच्या नवऱ्याने, नेव्हिओने, ती उचलली, उजवीजवळ नेली आणि दोन्ही चौकटी तारेने एकमेकींना घट्ट बांधून टाकल्या.

"अरे, अशी काय बांधलीस? जुळ्या बहिणी आहेत का त्या?"

"उभी राहिली ना? मग झालं तर."

डावी चौकट: ब्राकालोनी पुन्हा मैदानात!

उजवी चौकट: चाळीस मेंढ्या रातोरात लंपास!

पहिला वाचक अदेल्मो. निवृत्त पोस्टमन. आयुष्यभर पाकिटं बाहेरून वाचली, त्यामुळे आतला मजकूर त्याला लागत नाही. त्याने चष्मा वर केला, खाली केला.

"ओर्नेल्ला, चाळीस? एकट्याने?"

"एकट्याने कोणी?"

"हे काय लिहिलंय. मैदानात उतरला आणि चाळीस घेऊन गेला. ठेवल्या कुठे म्हणे? गाद्यांच्या गोदामात?"

"काका, ते दोन वेगळे पेपर आहेत. दोन वेगळ्या बातम्या."

"मग एकत्र कशाला बांधल्यास?"

"पाय मोडला म्हणून."

"कोणाचा? मेंढीचा?"

दुपारपर्यंत सगळ्या गावाला ठाऊक झालं की ब्राकालोनींनी चाळीस मेंढ्या पळवल्या, त्यातली एक लंगडी होती, आणि गोदामावरून जाताना लोकरीचा वास येतो. गाद्यांच्या गोदामावरून लोकरीचा वास नेहमीच येत असे. पण त्या दिवशी तो पुरावा झाला.

ओर्नेल्लाला खरं तर चौकटी सोडवायच्या होत्या. पण मग तिला वाटलं, मी थोडंच काही लिहिलंय? राहू देत संध्याकाळपर्यंत.

संध्याकाळी केशरी कोट आला.

"बाई!" ब्राकालोनी चौकाच्या त्या टोकापासूनच ओरडले. "मला चोर म्हणता? मला? कोर्टात खेचीन! तुम्हाला, तुमच्या नवऱ्याला, या चौकटीला!"

ओर्नेल्ला मासिकांच्या मागे बसली. आरडाओरडा ऐकून बारमधून माणसं आली, पत्त्यांचा डाव हातात धरूनच. बाल्कन्यांमध्ये बायका आल्या. ब्राकालोनींनी मागे वळून पाहिलं. त्यांच्या आजवरच्या कुठल्याही सभेला एवढी माणसं जमली नव्हती. त्यांचा आवाज मध्येच थांबला. मग ते सावकाश पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यावर चढले.

"लोकहो," ते म्हणाले, "हे मला चोर म्हणतात. का म्हणतात? कारण मी तुमचा आहे!"

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता गुएरिनो. मेंढ्या त्याच्याच होत्या.

"अरे गुएरिनो," नेव्हिओ म्हणाला, "मेंढ्या तुझ्या गेल्या ना?"

"माझ्याच गेल्या."

"मग त्याला टाळ्या कसल्या देतोस?"

"हे बघ, पेपरवाले एखाद्याच्या इतके मागे लागतात, म्हणजे तो माणूस त्यांना खुपतोय. आणि त्यांना खुपतोय म्हणजे चांगलाच असणार."

"पण मेंढ्या?"

"त्या नेल्याच असतील त्याने. त्याचं काय?"

नेव्हिओने यावर बराच विचार केला. मग घरी जाऊन जेवला.

मंगळवार.

डावी चौकट: ब्राकालोनी: गुंड की गरिबांचा वाली?

उजवी चौकट: खाटकाच्या फ्रीजमध्ये सापडलं ते पाहून पोलीसही हादरले!

खाटकाच्या फ्रीजमध्ये उंदीर सापडला होता. पण ते आत होतं, चौथ्या पानावर. बाहेर चौकात ब्राकालोनींच्या नावाच्या घोषणा सुरू होत्या. केशरी रंगाच्या टोप्या कुठूनशा आल्या. ब्राकालोनींच्या गाद्याही विकल्या जाऊ लागल्या.

"सोड त्या चौकटी," ओर्नेल्ला नवऱ्याला म्हणाली. "आत्ताच्या आत्ता सोड. तो निवडून आला तर आपल्याला चौकातून उठावं लागेल."

नेव्हिओने पक्कड आणली, तार तोडली, डावीच्या मोडक्या पायाखाली वीट ठेवली आणि ती स्टॉलच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन उभी केली. काम चोख झालं. अर्ध्या तासात अदेल्मो आला.

"दबाव आला का गं?"

"कसला दबाव?"

"वरून. खरं लिहिलं होतं ते वेगळं केलंस म्हणून विचारतो. सांग मला, मी कोणाला बोलणार नाही."

तो लगेच सगळ्यांना बोलला. संध्याकाळी टोपीवाले चौघेजण आले, चौकटी उचलून पुन्हा शेजारी शेजारी ठेवल्या आणि स्वतःच्या पदरच्या तारेने बांधल्या. त्यांची तार नेव्हिओच्या तारेपेक्षा चांगली होती. नेव्हिओने तसं बोलूनही दाखवलं, आणि त्या रात्री त्याला जेवण स्वतःच वाढून घ्यावं लागलं.

बुधवारी नगराध्यक्षा आल्या.

"ओर्नेल्ला, तू नक्की कोणाच्या बाजूची?"

"तुमच्याच, बाई! मी काहीसुद्धा केलेलं नाही."

"तू काहीसुद्धा करत नाहीस आणि तो रोज वर चढतोय. तू काही केलंस तर काय होईल, देवच जाणे." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "माझं पोस्टर त्या मेंढ्यांशेजारी लावता येईल का?"

"तुमच्यावर पोस्टर येतच नाही, बाई. तुम्ही पाण्याचे पाइप बदलता. त्याचा मथळा होत नाही."

नगराध्यक्षा गेल्या. ओर्नेल्ला दिवसभर स्टॉलमध्ये गालाला हात लावून बसली. वाईट बोललं तर तो मोठा होतो. काहीच बोललं नाही तर दबाव आला म्हणतात, आणि तो आणखी मोठा होतो. राहिलं काय? ती उठली, जुन्या पोस्टराची कोरी बाजू पुढे घेतली आणि जाड मार्करने लिहायला बसली. खोटं काही लिहायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. ब्राकालोनी तिच्या मावशीच्या शेजारी राहत, त्यामुळे माहितीची कमतरता नव्हती.

गुरुवार.

डावी चौकट: ब्राकालोनी सज्जन गृहस्थ. दर रविवारी आईकडे जेवतात. कर वेळेवर भरतात.

उजवी चौकट: तीच ओळ पुन्हा. तिच्याकडे दोन पोस्टरं कोरी होती.

टोपीवाले जमले. वाचलं. पुन्हा वाचलं.

"कर भरतो?" एकजण म्हणाला.

"वेळेवर," दुसरा म्हणाला.

"नाही, आईकडे जेवतो ते ठीक आहे. पण कर?"

"स्वतःहून भरतो की नोटीस आल्यावर?"

"इथे तसं काही लिहिलेलं नाही. म्हणजे स्वतःहूनच."

गुएरिनोने टोपी काढली आणि बराच वेळ हातात फिरवत राहिला. "मला वाटलं होतं, हा आपल्यातला आहे," तो म्हणाला. बारमध्ये त्या दिवशी पत्ते कोणी नीट खेळलं नाही. ब्राकालोनी संध्याकाळी खोक्यावर चढले तेव्हा समोर अदेल्मो आणि एक कुत्रा होता. अदेल्मोने एकच प्रश्न विचारला: "पावती ठेवता का हो?"

शुक्रवारी दुपारी, सगळं गाव झोपलेलं असताना, ते काळा चष्मा लावून स्टॉलवर आले. कोट घातला नव्हता.

"बाई, ही बदनामी थांबवा."

"बदनामी? अहो, मी तर स्तुती केली!"

"तीच! तीच थांबवा. काल सासऱ्याने मला विचारलं, हे खरं का? मला त्याच्याकडे मान वर करून बघवेना." त्यांनी खिडकीवर दोन्ही हात ठेवले. "मला चोर म्हणा. मेंढ्या म्हणा, गाई म्हणा, काय वाटेल ते. फक्त उद्याचा दिवस. स्टॉल इथेच राहील, शब्द देतो."

"पण तुम्हीच म्हणता ना, गंजका डबा फेकीन म्हणून?"

"अहो, ते भाषण होतं!" ते दुखावल्यासारखे म्हणाले. "भाषणात बोललेलं कोणी करतं का?"

ओर्नेल्ला गोंधळली. जो तिला हाकलायला निघाला होता तो आता तिला ठेवायला तयार होता, फक्त त्याला निवडून आणायला हवं होतं. आणि जिने ठेवायचं वचन दिलं होतं तिच्यासाठी या माणसाला चांगलं म्हणत राहायचं होतं. तिने दोन्ही पोस्टरांकडे पाहिलं. शेवटी ती पिएरुच्चीबाईंच्या वचनाला धरून राहिली, कारण ते आधी मिळालं होतं.

"नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही चांगले आहात. चांगलेच राहा."

रविवारी ब्राकालोनी पडले. थोडक्यात पडले. मतमोजणी चालू असताना ते आईकडे जेवत होते.

नव्या नगरपालिकेच्या पहिल्याच बैठकीत पिएरुच्चीबाईंनी पहिला विषय मांडला: चौकातला पेपरचा स्टॉल कब्रस्तानामागच्या रस्त्यावर हलवणे. ओर्नेल्ला धावत त्यांच्या कचेरीत गेली.

"बाई, तुम्ही शब्द दिला होता! मी तुमच्यासाठी त्या माणसाचं किती चांगलं लिहिलं!"

"तेच तर," नगराध्यक्षा म्हणाल्या. त्यांनी तिला प्रेमाने बसवलं, पाणी दिलं. "शब्द मी एका साध्या स्टॉलला दिला होता. मला काय ठाऊक, दोन चौकटींवर तीन दिवसांत माणूस उभा राहतो आणि एका दिवसात आडवा होतो? पुढची निवडणूक पाच वर्षांनी आहे, ओर्नेल्ला. मीसुद्धा कर वेळेवर भरते. उद्या तुझ्या मनात आलं आणि तू ते लिहिलंस तर?"

 घरी येऊन ओर्नेल्लाने नेव्हिओला सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "म्हणजे आपण जिंकलो की हरलो?" 

स्टॉल उचलायला क्रेन आली त्या सकाळी केशरी कोट आधीच तिथे होता. ब्राकालोनींनी स्वतःला स्टॉलच्या शटरला तारेने बांधून घेतलं होतं. नेव्हिओने ओळखली, ती चांगली तार होती.

"हा स्टॉल म्हणजे गरिबाचा आवाज!" ते ओरडत होते. "माझ्या प्रेतावरून न्या!"

"अहो, तुम्हीच याला गंजका डबा म्हणायचात," ओर्नेल्ला हळूच म्हणाली.

"बाई, आत्ता नको. लोक बघतायत."

लोक खरंच बघत होते. पहाटेच्या गठ्ठ्यातलं पोस्टर ओर्नेल्लाच्या हातात होतं: पराभूत विदूषकाचा चौकात तमाशा! ते लावावं की न लावावं, तिला कळेना. लावलं तर ब्राकालोनी पुन्हा मोठे होणार. नाही लावलं तर लोक विचारणार, दबाव आला का? क्रेनवाल्याने इंजिन सुरू केलं. तिने पोस्टर डाव्या चौकटीत अडकवलं.

गुएरिनोने ते वाचलं आणि खिशातून टोपी काढून डोक्यावर ठेवली. मग दुसऱ्याने ठेवली. बारमधून खुर्च्या आल्या, पत्ते आले, कोणीतरी घरून गरम भाकऱ्या आणि डुकराचं खारवलेलं मांस घेऊन आलं. जेवणाची वेळ होईपर्यंत चौकात इतकी माणसं झाली की क्रेनला पुढे जाता येईना आणि मागेही. संध्याकाळी क्रेनवाल्याने लॉटरीचं एक तिकीट घेतलं आणि तो चालत घरी गेला.

स्टॉल अजून तिथेच आहे. क्रेनही आहे.

गुएरिनोच्या चाळीस मेंढ्या कुंपणातून निघून ओढ्याच्या पलीकडे चरत होत्या आणि स्वतःहून परत आल्या, हे दुसऱ्याच दिवशीच्या, मंगळवारच्या अंकात नवव्या पानावर छापलेलं होतं.